मदत हवी आहे: आईचा गुडघा लहान, सांधा कुठल्या मापाचा?

नमस्कार मंडळी,

आईचे (वय ६७) दोन्ही गुडघे गेलेत, कृत्रिम सांधे बसवायचेत. आमच्या गल्लीत सगळे 'वाटी बदलायची' म्हणतात. खरं तर मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची चकती आणि मध्ये प्लॅस्टिक असं ते प्रकरण असतं.

अडचण मापाची. आईची उंची चार फूट नऊ इंच. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत रेडिमेड जोड तिला कधी बसला नाही. लांबीला नेमका घेतला की चवड्यावर आवळतो. म्हणून कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवून घेते. गुडघ्याचं नेमकं उलटं आहे म्हणे. डॉक्टर म्हणाले, बरीच मॉडेलं मुळात युरोप-अमेरिकेतल्या हाडांच्या मापावरून बनली. आपल्याकडच्या, त्यातही बायकांच्या गुडघ्याला पुढून-मागे माप जुळवलं तर आडव्यात टोपीची कड हाडाबाहेर येते. एक साईज खाली उतरलं तर गुडघा वाकवल्यावर सैल पडू शकतो.

आई बाहेर आल्यावर म्हणाली, "माझ्या मापाचं मिळंल का रं, का चपलीगत करून घ्यायचं?"

माप आधी कळतं का? आणि लहान साईजला पैसे जास्त पडतात का? २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं किमती बांधल्या तेव्हा कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा गुडघा ५४,७२० रुपये (जीएसटी वेगळा) ठरला होता, एवढंच वाचलंय. कोल्हापुरात करून घेतलेल्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद:
मी ऑपरेशन थिएटरला नर्स होते. एक्स-रे काढताना गुडघ्याशेजारी ठरावीक मापाची धातूची गोळी ठेवतात का विचारा. फिल्मवर हाड मोठं दिसतं, किती मोठं ते गोळीवरून कळतं. तरी शेवटचं माप ऑपरेशनच्या टेबलावरच ठरतं, म्हणून लहान साईज त्या दिवशी तिथं हजर हव्यात. कड ३ मिलिमीटर किंवा जास्त बाहेर राहिली तर नंतर दुखत राहण्याची शक्यता वाढते. २००६ च्या सुमारास 'बायकांचा गुडघा' म्हणून वेगळा सांधा आला, पण चाचण्यांत फारसा फरक दिसला नाही. त्या नावाचे पैसे मोजू नका. त्याच मॉडेलमध्ये अरुंद साईज आहे का, एवढं विचारा. किमतीचं म्हणाल तर दर साईजवर नाही, मुख्यतः धातूवर ठरतो.

धागाकर्ता:
ताई, आभार. जुन्या फिल्मवर गोळी दिसत नाही. सोमवारी नवीन एक्स-रे काढून घेतो.