मे महिन्यात सगळेच ‘फार गंभीर’ म्हणतात. मग प्रश्नावली चुकलीय का?

यावलकर
राम राम मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजलाची लोकांना खरोखर किती काळजी आहे, यावर प्रश्नावली करतोय. चाचणी फेरीत ‘पाण्याची पातळी खाली जाणं किती गंभीर?’ याला जवळपास सगळ्यांनी ‘फार गंभीर’वर खूण केली. त्याच शिवारात बोअरची गाडी काही थांबत नाही. लोक खोटं बोलतात म्हणायचं का?

तापीकाठ
खोटं कशाला? कागद घेऊन बसलेल्या माणसाला ‘गंभीर नाही’ असं कोण तोंडावर सांगेल? पाण्याचं नाव काढण्याआधी मोकळं विचारा, ‘सध्या सगळ्यात मोठा घोर कशाचा?’ केळीचा भाव, सीएमव्ही (केळीवरचा विषाणू रोग), रात्रीची लाइट, पोरीचं लग्न, यांत पाणी कितव्या नंबरावर येतं ते टिपा. मानसशास्त्रज्ञ एल्के वेबर यांच्या मते काळजी करण्याची माणसाची ताकद मोजकीच असते. एक घोर वाढला की दुसरा मागे सरतो.

नंतर तोच प्रश्न तीनदा: तुमची विहीर, तुमचा तालुका, सगळा देश. लांबचं जास्त बिघडलेलं वाटतं. गिफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १८ देशांत पाहिलं, बहुतेक ठिकाणी हेच निघालं.

आणि मेच्या उन्हात विचारलं तर आकडा फुगणारच. त्याच घरांत ऑक्टोबरात पुन्हा जा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरला मोजते, त्यामुळे पातळी आणि उत्तरं शेजारी-शेजारी मांडता येतील.

ठिबकवाला
एक प्रश्न वाढवा: ‘ठिबक बसवल्यावर केळीचं क्षेत्र वाढवलं का?’ एक उपाय केला की मन मोकळं होतं, ‘आपलं काम झालं’. वाचलेलं पाणी मग नव्या बागेत जातं. तुमच्या कोड्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

साठीच्या पुढचे आणि पंचविशीतले वेगळे काढा. ‘कळत्या वयात पाणी किती परसावर होतं?’ असं विचारा (परस म्हणजे पुरुषभर खोली). पोराला आजची खोलीच मूळची वाटते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मासेमारीबद्दल हेच मांडलं होतं.

साक्रीकर
काळजी मोजून काय मिळणार, भाऊ? आमच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात जंगल राखलं ते गावाने स्वतःचे नियम लावून. अर्थात तिथे मोळी नेणारा दिसतो, इथे रात्री चालणारी मोटर दिसत नाही. म्हणून दर महिन्याला चार विहिरींची पातळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. ‘सगळेच बोअर मारतायत’ असा फलक मात्र नको. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका उद्यानातून जीवाश्म लाकूड (दगड झालेलं जुनं लाकूड) चोरीला जायचं. ‘अनेकांनी लाकूड नेलंय’ अशी पाटी लावल्यावर चोरी वाढली, हा मानसशास्त्रज्ञ चाल्डिनींचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पुनर्भरण कोणी केलं, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत कोणी मुरवलं, तेच लिहा.

यावलकर
मोकळा प्रश्न आधी घेतो. ऑक्टोबरची फेरी जमेल?

तापीकाठ
कापूस वेचणी असते, दिवसा घरी कोणी सापडणार नाही. संध्याकाळी सातनंतर जा.