दिग्गज, फौजदार आणि 'कौटुंबिक माणूस'

शाळामास्तरीण: २६ नोव्हेंबरला शाळेच्या फळ्यावर तुकाराम ओंबळे, २६/११ च्या मुंबई हल्ल्यात कसाबला पकडताना शहीद झालेले पोलीस, यांच्याबद्दल चार ओळी लिहायच्या आहेत. मुलांनी कुठल्याशा इंग्रजी मजकुरावरून उतरवून आणलंय: 'एक दिग्गज, कायद्याचा माणूस आणि कौटुंबिक माणूस.' हसावं की रडावं कळेना. शब्द सुचवा.

कृष्णाकाठ: दिग्गज आधी खोडा. मुळात 'व्हेटरन' असणार, म्हणजे लष्करातून निवृत्त झालेला. दिग्गज म्हणजे आठ दिशा तोलून धरणारे हत्ती. गवई दिग्गज असतो, नट असतो. लष्करातून निवृत्त झालेल्याला सरकारी कागदावर 'माजी सैनिक' म्हणतात. पण ओंबळे आमच्या साताऱ्याचे, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. इकडे बोलताना 'मिलिटरीत होता', 'पेन्शनीवर आला' असंच येतं. अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' चिकटलंय! फळ्यावर 'माजी सैनिक' चालेल. सिग्नल कोअरमधून नाईक म्हणून निवृत्त झाले एवढं लिहिलंत, तर विशेषणही नको.

शाळामास्तरीण: मुलं नाईक हे आडनाव समजतील.

कृष्णाकाठ: समजू देत, मग विचारतील. शिवकालीन पायदळात नाईक होता, त्याच्यावर हवालदार. सैन्यात आजही तीच उतरंड. पोलिसांकडे आल्यावर मात्र हवालदाराचा भाव घसरला. चौकातला कुठलाही शिपाई लोकांच्या तोंडी हवालदार.

जुनी वही: 'कायद्याचा माणूस' म्हटलं की मला काळा कोट दिसतो. सरळ 'पोलीस' लिहा. १९९१ साली ते मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून लागले, २००८ मध्ये सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. या पदाला बोलण्यात 'सहायक फौजदार' म्हणतात, आणि तो शब्द मला फार आवडतो. 'फौज' अरबी, 'दार' फारसी. मोगलांचा फौजदार पदरी सैन्य बाळगून मुलखात बंदोबस्त ठेवायचा. बंडखोरही त्याच्याच वाट्याचे आणि दरोडेखोरही. लष्कर नि पोलीस एकाच अंगरख्यात. पुढे त्याच्याकडची फौज गेली, ठाणं उरलं. आधी फौजेत आणि मग फौजदार, अशा माणसाला याहून नेमका शब्द कुठून आणणार?

लाल पेन: व्युत्पत्तीच्या नादात वाहवत जाऊ नका. आजच्या मुलाला फौजदारात फौज ऐकूच येत नाही. शिवाय त्या रात्री गिरगाव चौपाटीवर ओंबळ्यांच्या हातात होती ती लाठी. कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत हाती लागला. फळ्यावर पहिलं वाक्य हे हवं. अशोकचक्र (२६ जानेवारी २००९) शेवटी. आणि 'मरणोत्तर' लिहा. 'मरणोपरांत' हिंदी आहे.

जुनी वही: वाहवलो खरा. तरी 'सहायक फौजदार' ठेवाच.

शाळामास्तरीण: ठेवते. पण 'कौटुंबिक माणसा'चं काय?

लाल पेन: कौटुंबिक मालिका असते, सोहळा असतो, अडचणी तर असतातच. माणूस कौटुंबिक नसतो. छापील शब्द 'कुटुंबवत्सल'. वत्स म्हणजे वासरू, गाय त्याला चाटते तो जिव्हाळा त्यात आहे. पण निधनवार्तांनी तो पार झिजवून टाकलाय. घरात कधी न बोललेला माणूसही वर्तमानपत्रात कुटुंबवत्सल होतो.

कृष्णाकाठ: 'लेकुरवाळा'? विठोबाला चालतो.

लाल पेन: गोड आहे, पण लेकुरवाळा म्हणजे ज्याच्या अंगाखांद्यावर पोरं आहेत तो. यांच्या मुली मोठ्या झालेल्या. 'घरी पत्नी आणि मुली होत्या' एवढंच लिहा.

शाळामास्तरीण: तसंच लिहिलं. खाली एका मुलाने भर घातली की २०२१ मध्ये एका नव्या कोळ्याला त्यांचं नाव मिळालं, आयसियस तुकारामी. हे खरं आहे. उड्या मारणारा कोळी आहे तो. पण 'कोळी' आणि 'चौपाटी' एकाच फळ्यावर आल्यामुळे अर्ध्या वर्गाला वाटलं, कुणा मासेमाराचं बारसं झालं.