मदत हवी आहे: सौद्यानंतरच्या गर्दीत पट्टी मधूनच सेव्ह होत नाही

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचं बिलिंग मी सांभाळतो. प्रोग्रॅम पीएचपीत, डेटाबेस मायएसक्यूएल ८, टेबलं इनोडीबी प्रकारची. एरवी सुरळीत चालतं. पण सौदे संपले की चार-पाच जण एकदम पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची बिलं) करायला बसतात आणि तेव्हा मधूनच एखादी पट्टी अडकते. स्क्रीन फिरत राहते, मग एरर १२०५, लॉक वेट टाइमआउट, म्हणजे दुसऱ्याने अडवलेली ओळ सुटायची वाट पाहून वेळ संपली. तोही ५० सेकंदांनी, म्हणजे डिफॉल्ट मर्यादा संपल्यावरच. तीच पट्टी पुन्हा सेव्ह केली की लगेच होते. समोर शेतकरी गाडी लावून पैशांसाठी थांबलेला असतो हो!

डेटाबेसची कनेक्शन १५१ च्या डिफॉल्ट मर्यादेजवळ जात नाहीत, ते पाहिलंय. डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडून बसणं) नाही, नाहीतर एरर १२१३ आला असता. माझा संशय पट्टी नंबरवर आहे. तो एका ओळीच्या टेबलातून 'फॉर अपडेट' लावून (म्हणजे ती ओळ कमिट होईपर्यंत, बदल पक्का होईपर्यंत, लॉक करून) घेतला जातो आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये शेतकऱ्याला एसएमएस जातो. एसएमएसचा सर्व्हर रेंगाळला की कमिट अडतं आणि बाकीचे मागे तुंबतात, असं वाटतंय.

पण कोण कोणाला अडवतंय ते दाखवणारा, मायएसक्यूएलच्या सिस स्कीमातला 'इनोडीबी_लॉक_वेट्स' हा व्ह्यू उघडेपर्यंत लॉक सुटलेला असतो. कोणी धरून ठेवला होता हे नंतर कळावं म्हणून तुम्ही नोंद कशी ठेवता? दर काही सेकंदांनी तो व्ह्यू टेबलात उतरवला तर गर्दीच्या वेळी ताण येईल का? आणि कमिटनंतर पाठवायच्या एसएमएसची रांग टेबलातच ठेवू की वेगळी? टाइमआउट वाढवा असं मात्र कृपया सुचवू नका, त्याने थांबणं वाढेल फक्त.