क्रॅश लँडिंग ऑन यू: गाव सुटल्यावर मालिका पण हातातून सुटते का?

गवतीचहा:
काल रात्री संपवली एकदाची. २०१९-२० ची दक्षिण कोरियन मालिका आणि मी आत्ता बघितली, घरात बाकी सगळ्यांची कधीच बघून झालीये त्यामुळे मनसोक्त बोलायला कुणी नाही, म्हणून इथे. शेवटासकट सगळं लिहितेय, ज्यांची बघायची राहिलीये त्यांनी इथेच थांबा.

पहिले नऊ भाग मी अक्षरशः जगले. दक्षिण कोरियातल्या सोलची श्रीमंत बाई, से-री, पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात पडते ही कल्पना वाचून मला वाटलेलं काहीतरी अचाट पोरकट असणार, पण गावात पोचल्यावर ते विसरायलाच होतं. लाइट जाते, मग सगळा अंधार, बायका एकत्र बसून थंडीसाठी किमची घालतात, तिला लपवून ठेवणारा उत्तरेचा सैन्य अधिकारी, म्हणजे हिरो री जंग-ह्यक, तिला कॉफी हवी म्हणून कच्च्या बिया आणून घरी भाजतो आणि दळतो, एक शब्द न बोलता. आणि तो बाजारातला सीन! ती गर्दीत हरवलीये आणि हा मेणबत्ती उंच धरून उभा, आधी तिने सुगंधी मागितली तर साधी आणलेली, ह्यावेळी बरोबर सुगंधी. तो सीन मी तीनदा मागे नेऊन बघितला.

पण दहाव्या भागापासून ती सोलला परत येते आणि मग तेच सुरू, कंपनी कुणाची, भाऊ-भावजया कट करतायत, व्हिलन पिस्तूल घेऊन मागे, गोळी, हॉस्पिटल, शुद्धीवर येते, परत हॉस्पिटल. एवढं सुंदर जमलेलं असताना असं का केलं असेल? हे फक्त मलाच खटकलं का? आणि ते गाव कितपत खरं आहे, कुणाला माहितीये का?

उत्तररात्र:
तुम्हाला एकटीलाच नाही, मलाही तिथेच खटकलं होतं.

गावाबद्दल सांगतो. लेखिका पार्क जी-उन, पण लेखनाच्या टीममध्ये उत्तरेतून पळून आलेला, तिथे सिनेमाचं शिक्षण घेतलेला एक माणूस होता आणि ते जाणवतं. रात्री अचानक दार वाजवून घरात कोण कोण झोपलंय ते तपासायला येतात ना, ती तपासणी तिथे खरोखर असते. बाजारात उघडपणे काय विकायचं आणि काउंटरखालून काय काढायचं, म्हणजे दक्षिणेकडची क्रीम-शांपू वगैरे, तेही. वीज नाही म्हणून ट्रेन माळरानावर तासन्‌तास थांबते आणि कुठून तरी विकणारे येऊन हजर होतात, तोही नुसता मनाचा खेळ नाही. तो सीन मंगोलियात शूट केलाय कारण उत्तर कोरियात जाऊन शूटिंग अर्थातच अशक्य.

पण गाव गोड केलंय हे मान्य करायलाच हवं. रस्त्यावर राहणारी उपाशी पोरं येतात, दोन मिनिटं दिसतात आणि जातात. हिरो एवढ्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा आहे की कुठलंही संकट आलं तरी वडिलांचं वजन कामी येतंच, साध्या सैनिकाच्या घरात ती सापडली असती तर ही लव्हस्टोरी दोन दिवसही टिकली नसती. २०२० च्या जानेवारीत दक्षिणेतल्या एका छोट्या पक्षाने चॅनलविरुद्ध तक्रार केली होती, उत्तरेचं उदात्तीकरण करताय, राष्ट्रीय सुरक्षा कायदा मोडताय म्हणून. तक्रार मला टोकाची वाटते पण प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उत्तरेने नवा कायदा आणला, दक्षिणेच्या मालिका बघणाऱ्याला वर्षानुवर्षं सक्तमजुरी आणि वाटणाऱ्याला थेट मृत्युदंडापर्यंत शिक्षा. मालिकेतला हिरोच्या हाताखालचा सैनिक किम जू-मक लपूनछपून दक्षिणेच्या मालिका बघतो आणि आपण हसतो, हे वाचल्यानंतर मला ते सीन पहिल्यासारखे बघता येत नाहीत.

रानजाई:
मी दोन वर्षं कोरियन शिकतेय तर एक गोष्ट सांगते जी सबटायटलमध्ये पूर्ण हरवते. गावातली माणसं उत्तरेच्या बोलीत बोलतात, हेल वेगळा, शब्द वेगळे. हिरोच्या हाताखालचा दुसरा सैनिक प्यो ची-सू से-रीला सारखं "एमिनाई" म्हणतो, ते बाईसाठी तिकडचं हेटाळणीचं बोलणं आहे, आणि इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं काहीतरी गुळमुळीत होतं. थापा मारू नकोस म्हणायला त्यांचा वेगळाच वाक्प्रचार, त्यात थापेला "हुराइ" म्हणतात, सोलच्या माणसालाही तो ऐकून गंमत वाटते. से-रीला सुरुवातीला अर्ध्या गोष्टी कळत नाहीत आणि जू-मक मालिका बघून दक्षिणेची भाषा शिकलेला म्हणून तोच दुभाषा! एकाच भाषेची दोन टोकं आणि मध्ये ७० वर्षांची भिंत, आणि ती भिंत तुम्हाला कानांनी ऐकू येते. आपल्याकडे कुणी मालवणी सीरियल घेऊन सगळ्यांना पुण्याच्या प्रमाणभाषेत डब केलं तर कसं वाटेल, तसं होतं सबटायटल वाचताना.

म्हणून गवतीचहा, सोलला गेल्यावर फिकं वाटतं त्यात हेही असेल असं मला वाटतं. तिथे सगळे सोलचंच बोलतात, तो आवाजच जातो.

शिंपला:
मी जरा उलट बोलणार आहे. सोलचा भाग काढून टाकलात तर मान-बोक जाईल, आणि माझ्यासाठी ही मालिका मान-बोकची आहे. चोरून लोकांचं बोलणं ऐकायचं हे त्याचं सरकारी काम, आणि ज्या माणसाने, म्हणजे जंग-ह्यकच्या भावाने, त्याच्याशी चांगुलपणा केला त्याच्याच मरणात ह्याचा हात. तो ते सगळं मनात ठेवून जगतो. असा माणूस लव्हस्टोरीच्या कोपऱ्यात ठेवणं आणि त्याला कुठेही स्वस्त माफी न देणं, हे मला जमलेलं वाटतं. जंग-ह्यकचे सैनिक आणि मान-बोक असे पाचजण खेळाडूंच्या पथकातून सोलला येतात, डोळे विस्फारून शहर बघतात, त्यात नुसतं हसवणं नाहीये, परत जायचंय हे प्रत्येकाला माहितीये. आणि से-रीची आई! सावत्र आई म्हणजे खलनायिका असं मी धरूनच चालले होते, आणि मुलीची माफी मागायला तिला इतकी वर्षं लागली हे बघून मला खूप रडायला आलं.

माझी तक्रार वेगळी. गु सुंग-जुनला, त्या ठगाला, मारायची काय गरज होती? जंग-ह्यकशी लग्न ठरलेली सो दान इतकी छान लिहिलीये, तिचं एकतर्फी प्रेम, तिचा मानीपणा, तिची ती आरडाओरडा करणारी आई, आणि शेवटी सुंग-जुनवर जीव जडतो तर तिच्या वाट्याला फक्त दुःख, का तर हिरो-हिरॉइन जगणार म्हणून कुणीतरी मरायला हवं? ह्याचा राग अजून गेलेला नाही. दुसरं, योगायोग. जंग-ह्यकच्या भावाचं घड्याळ से-रीच्याच हाती लागतं, स्वित्झर्लंडमध्ये आधीच भेट झालेली, पुलावर फोटो तिनेच काढलेला, पियानो तिनेच ऐकलेला. एक असता तर अंगावर काटा आला असता, चार म्हटल्यावर लेखिका दोरी ओढताना दिसते.

उत्तररात्र:
शिंपला, मान-बोकबद्दल शंभर टक्के. पण तो गावात असतानाच आपल्या मनात बसतो ना, सोलमध्ये आपण त्याच साठ्यावर जगतो.

गोळी आणि हॉस्पिटल ही त्या लेखिकेची सवयच आहे असं आता वाटतं. २०२४ चं क्वीन ऑफ टियर्स तिचंच, तिथेही पहिल्या भागांत लग्न मोडत आलेल्या नवरा-बायकोची इतकी बारीक नजर आणि शेवटाकडे आजार, पाठलाग, गोळी. लोकांना आवडतं हेही खरं, क्रॅश लँडिंगचा पहिला भाग कोरियात ६ टक्क्यांच्या आसपास होता आणि शेवटचा २१.६८ वर गेला, टीव्हीएन चॅनलचा तेव्हाचा विक्रम, तो पुढे क्वीन ऑफ टियर्सनेच २४.८५ ला मोडला. त्यामुळे ती का बदलेल. पण आकडे काही म्हणोत, मला अजून ते पेट्रोल ओतून भाजलेले शिंपले आणि शिंपल्यातून प्यायलेली दारूच आठवते, एकही बोर्ड मीटिंग आठवत नाही.

बर्फाळ:
स्वित्झर्लंडला राहते म्हणून लिहितेय. तो तळ्यावरचा बोटीचा धक्का, जिथे जंग-ह्यक पियानो वाजवतो, ते ब्रिएन्झ तळ्याकाठचं इझेल्टवाल्ड. जेमतेम चारशे लोकांचं गाव. मालिकेनंतर इतकी गर्दी झाली की २०२३ पासून धक्क्यावर जायला ५ फ्रँक घेतात, मध्ये फिरतं गेट लावलंय. मी गेले तेव्हा रांगेत पुढे दोन आज्या होत्या, फोनवर तोच पियानो लावून उभ्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

शेवटाबद्दल: वर्षातले दोन आठवडे भेटणार, बस. खूप जणांना हा गोड शेवट वाटतो. मला तिथे उभं राहून तो अजिबात गोड वाटला नाही. उरलेले पन्नास आठवडे दोघं दोन बाजूंना, एक फोन करायची सोय नाही. तो जाताना वर्षभराचे मेसेज आधीच लिहून ठेवून जातो, रोज एक येतो, आणि ती उत्तर पाठवू शकत नाही.

गवतीचहा:
सगळ्यांचे आभार, किती बरं वाटतंय. बर्फाळ, मेसेजवालं तुम्ही लिहिलंत आणि मी परत सोळावा भाग लावला. शिंपला, तुमचं मान्य, आईचे सीन मी घाईत बघितले होते, आता नीट बघते. गु सुंग-जुनसाठी मात्र मी पण भांडायला तयार आहे. रानजाई, तो "हुराइ" कुठल्या भागात येतो आठवत असेल तर सांगा ना, सबटायटल बंद करून ऐकायचाय.

रानजाई:
भाग नाही आठवत, पण प्यो ची-सू तोंड उघडेल तिथे कान द्या, सापडेलच.