बेटी लव्हेटचा ब्रिटिश रॉकवाला अल्बम: वसुली की नुसतीच कव्हरं?

लिमलेटची गोळी:
मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर खडूस काकांनी पिंक टाकली होती की गायकाकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही की तो कव्हर अल्बम, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांचा अल्बम, काढतो. तिथे विषय भलताच चालू होता म्हणून गप्प बसले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

तर बेटी लव्हेट, डेट्रॉइटची काळी ऱ्हिदम अँड ब्लूज गायिका. 'इंटरप्रिटेशन्स: द ब्रिटिश रॉक साँगबुक', मे २०१०, अँटी रेकॉर्ड्स. बाई तेव्हा ६४ वर्षांच्या. बीटल्स, स्टोन्स, झेपेलिन, पिंक फ्लॉइड, ट्रॅफिक, मूडी ब्लूज, एल्टन जॉन आणि चक्क रिंगो. स्टुडिओतली १२ गाणी आणि शेवटी एक लाइव्ह. त्या लाइव्हमुळेच हे सगळं रामायण घडलं. डिसेंबर २००८ मध्ये केनेडी सेंटर ऑनर्सला (अमेरिकेतला कलाकारांच्या सन्मानाचा सोहळा) 'द हू' बँडच्या टाउनशेंड आणि डाल्ट्रीचा सन्मान होता आणि हिला 'लव्ह रेन ओअर मी' गायला बोलावलं. डाल्ट्री जिथे फुफ्फुसं फाडून ओरडतो तिथे ही आवाज खाली घेते, शब्द तोडते, मधेच थांबते, मागच्या ऑर्केस्ट्राला ताटकळत ठेवते आणि मग शेवटी ती फाटकी किंकाळी. त्याच वर्षी बार्ब्रा स्ट्रायसँडचाही सन्मान होता, तिने टाउनशेंडला विचारलं म्हणे की हे गाणं खरंच तू लिहिलंयस का, असा किस्सा आहे.

माझं म्हणणं एवढंच की हा अल्बम म्हणजे आदरांजली बिदरांजली काही नाही, ही वसुली आहे. तारखा बघा ना. यातली बहुतेक गाणी १९६५ ते १९७९ मधली, म्हणजे बरोबर ती वर्षं ज्यात हिचं करिअर बसलं. १९६२ मध्ये सोळाव्या वर्षी पहिलं गाणं हिट, १९६५ ला 'लेट मी डाउन ईझी', आणि १९७२ मध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने मसल शोल्सला (अलाबामातलं स्टुडिओंसाठी प्रसिद्ध गाव) पाठवून अख्खा अल्बम रेकॉर्ड करून घेतला आणि मग डब्यात टाकला. कारण धड सांगितलं नाही. तो २००० साली एका फ्रेंच संग्राहकाने टेप शोधून काढल्या तेव्हा बाहेर आला. २८ वर्षं! आणि त्या १९७२ मध्ये अटलांटिकची चलती कुणाच्या जोरावर होती? लेड झेपेलिन. आता ही बाई 'ऑल माय लव्ह' गाते तेव्हा ते नुसतं कव्हर कसं असेल, सांगा बरं.

खडूस काका:
गोळीताई, माझ्या एका पिंकेवर एवढा मोठा धागा, धन्य झालो. पण मत तेच.

किस्सा चांगला आहे, आयुष्य तर त्याहून चांगलं आहे, पण अल्बम ऐकताना मला किस्सा ऐकू येत नाही, गाणी ऐकू येतात, आणि ती सगळी एकाच चालीने चालतात. सलग ऐकून बघा. प्रत्येक गाणं धीमं केलेलं, प्रत्येक गाण्यात शेवटी आवाज चिरकणार हे आधीच कळतं. 'मेबी आय'म अमेझ्ड' मध्ये मॅकार्टनीचा जो पोरकट आनंद आहे, नवीन लग्न झालेल्या माणसाचा, तो कुठे गेला? हिच्याकडे प्रत्येक भावनेला एकच रंग, दुःख. आनंदाचं पण दुःख.

दुसरं म्हणजे निर्माते कोण ते बघा. स्वतः लव्हेट, रॉब मॅथिस आणि मायकेल स्टीव्हन्स. मॅथिस तेव्हा केनेडी सेंटर ऑनर्सचा संगीत दिग्दर्शक, स्टीव्हन्स त्याच कार्यक्रमाच्या निर्मात्यांतला. म्हणजे टीव्हीवर एक गाणं गाजलं, लगेच त्याच लोकांनी बसून तसलीच आणखी १२ बनवली. वसुली कसली, याला सीक्वेल म्हणतात.

गिटारवाला बंड्या:
काकांशी बाडिस, म्हणजे पूर्ण सहमत. मी पिंक फ्लॉइडवर वाढलेला माणूस, 'विश यू वेअर हिअर'ची सुरुवात म्हणजे ते लांबून रेडिओवर वाजल्यासारखं बारीक गिटार आणि मग त्यावर समोर येणारं दुसरं गिटार, तीच तर सगळी जादू आहे, एक माणूस खोलीत एकटा बसून रेडिओबरोबर वाजवतोय. ते काढून टाकलं तर राहिलं काय. आणि ते गाणं सिड बॅरेटवर आहे राव, आपल्याच बँडमधला डोकं हरवलेला मित्र. तिचा सिडशी काय संबंध?

लिमलेटची गोळी:
@बंड्या, सिडशी संबंध नसूनही ते गाणं तुला रडवतं ना? तुझा तरी काय संबंध रे सिडशी 😄 डेट्रॉइटमध्ये साठच्या दशकात तिच्या आजूबाजूला जी पोरं गात होती त्यातली किती लवकर गेली ते बघ. मार्विन गे, डेव्हिड रफिन. मला ती ओळ ऐकताना तेच दिसतात.

@काका, सीक्वेलचा मुद्दा अर्धा मान्य, ऑर्केस्ट्रा मलाही दोनतीन ठिकाणी जड वाटतो. पण सगळं एका रंगाचं? 'इट डोन्ट कम ईझी' परत ऐका. रिंगोचं मूळ गाणं १९७१ चं, मागे ब्रास, जॉर्ज हॅरिसनचं गिटार, मस्त उड्या मारणारं, बीटल्स सुटल्यानंतरचा श्रीमंत माणूस सांगतोय की बाबांनो सोपं नसतं. बरं. आता हेच वाक्य ४८ वर्षं घासून वर आलेली बाई म्हणते. तिने त्यातल्या उड्या काढल्या, गाणं दलदलीत नेऊन ठेवलं, साथीला गिटार एवढं जवळ की तारेवर बोट सरकल्याचं ऐकू येतं. शब्द तेच, कैफियत वेगळी. त्यात दुःख नाहीये हो, चीड आहे. आणि थोडं हसू पण आहे.

डेट्रॉइटकर:
इथे मिशिगनमध्ये राहून बाईंबद्दल न बोलणं म्हणजे पाप, म्हणून लॉगिन केलं.

एक गोष्ट सगळे विसरताय. बेटी लव्हेटने कव्हरं म्हातारपणी सुरू नाही केली. त्या डब्यात गेलेल्या अल्बमच्या वेळेलाच, १९७२ मध्ये, तिचं सिंगल आलं होतं नील यंगच्या 'हार्ट ऑफ गोल्ड'चं. नील यंगचं मूळ गाणं पण त्याच वर्षीचं! गोऱ्यांची गाणी उचलून आपली करायची हा तिचा जुना धंदा. त्यामुळे काकांचा 'सांगण्यासारखं उरलं नाही' हा नियम इथे लागूच होत नाही, कारण ती मुळात गाणी लिहिणारी नाहीच, गाणारी आहे. कव्हर हा शब्दही तिला आवडत नाही. अल्बमचं नाव बघा ना काय ठेवलंय.

आणि अजून एक. तिच्या आयुष्यात ही गाणी तेव्हा नव्हतीच. काळ्या लोकांच्या रेडिओ स्टेशनवर झेपेलिन आणि पिंक फ्लॉइड कोण लावत होतं? यातली कितीतरी तिने अल्बमच्या वेळी पहिल्यांदा नीट ऐकली. नवरा रेकॉर्डींचा जाणकार, त्याने ढीगभर गाणी पुढ्यात टाकली, त्यातून हिने निवडली. म्हणून ती चालीला घाबरत नाही. तुम्हाआम्हाला ती चाल लहानपणापासून पाठ असते, ती बदलली की लगेच पोटात दुखतं. तिला ते ओझंच नाही.

खडूस काका:
@डेट्रॉइटकर, 'हार्ट ऑफ गोल्ड'ची माहिती भारी, धन्यवाद. पण चाल पाठ नसणं हा गुण कधीपासून झाला? गाण्यात कवितेइतकीच चाल पण असते. मूडी ब्लूजच्या 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन'मधून चाल काढली तर उरतं ते एका १९ वर्षांच्या पोराचं प्रेमपत्र.

सांजवात:
आपल्याकडे बंदिश एकच असते, किराणावाला वेगळी मांडतो, जयपूरवाला वेगळी, कुणी म्हणत नाही की अमक्याचं कव्हर केलं. मला लव्हेट ऐकताना तसंच वाटतं, रॉकवाले मूळ प्रतीला एवढे का चिकटतात कळत नाही.

खडूस काका:
सांजवातबाई, बंदिश बांधली जाते तीच मांडण्यासाठी. 'विश यू वेअर हिअर' रेकॉर्ड म्हणून बांधलं गेलंय, स्टुडिओतला आवाज हाच त्याचा देह आहे. दोन्ही एका मापाने मोजू नका.

झेपेल तितकं:
लेबलच्या मुद्द्यावर थोडी दुरुस्ती, आयडीला जागतो. 'ऑल माय लव्ह' १९७९ चं, तेव्हा झेपेलिनचं स्वतःचं स्वान साँग लेबल होतं, वितरण फक्त अटलांटिकचं. त्यामुळे गोळीताईंचा सूडाचा सिनेमा या गाण्यावर पूर्ण बसत नाही. पण खरा मासला दुसराच आहे. 'व्हाय डझ लव्ह गॉट टू बी सो सॅड', क्लॅप्टनच्या डेरेक अँड द डॉमिनोज बँडचं. तो 'लैला' अल्बम अमेरिकेत १९७० मध्ये अ‍ॅटकोवर आला. आणि लव्हेटचा डब्यात गेलेला अल्बम कुठून येणार होता? अ‍ॅटको! अटलांटिकचंच पिल्लू. म्हणजे एकाच दारातून क्लॅप्टन ब्लूज घेऊन आत गेला आणि ही बाहेर.

आणि 'ऑल माय लव्ह'बद्दल, झेपेलिनचा गायक प्लँटने ते आपल्या गेलेल्या मुलासाठी लिहिलं, मुलगा १९७७ मध्ये वारला, पाच वर्षांचा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये बँडमधल्या जोन्सचं ते सिंथेसायझर इतकं गोडगोड आहे की शोक कुठे दिसतच नाही, झेपेलिनचे भक्तही त्या गाण्याला नाकं मुरडतात. लव्हेटकडे तो दिसतो. मी झेपेलिनचा कट्टर, तरी हे गाणं तिचंच चांगलं. मारा मला.

गिटारवाला बंड्या:
@झेपेल, आयडी बदला 😡

मिरचीभजी:
मला एक कुणीतरी समजवा. याला ग्रॅमीत नामांकन मिळालं कंटेम्पररी ब्लूज विभागात. यात ब्लूज कुठाय? बारा बारचं (ब्लूजचा ठरलेला साचा) एक गाणं नाही, व्हायोलिनं आहेत. त्या वर्षी विभाग जिंकला बडी गायच्या 'लिव्हिंग प्रूफ'ने आणि तो तर शंभर टक्के ब्लूज. फेब्रुवारी २०११ मध्ये बांद्र्याला मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला तेव्हा म्हातारबुवा येऊन गेले, आणि त्याच महिन्यात ग्रॅमी. लोकांमध्ये उतरून वाजवतो तो माणूस. त्याच्यासमोर हे म्हणजे फारच सोज्वळ वाटतं.

डेट्रॉइटकर:
बाई स्वतःला ऱ्हिदम अँड ब्लूजवाली म्हणते, ग्रॅमीवाल्यांना खण शोधायचा असतो, त्यांनी यात टाकलं. पण मिरचीभजी, बारा बार मोजून ब्लूज ठरत असेल तर मग यातली निम्मी इंग्लिश पोरं पण ब्लूजवाली, कारण त्यांनी बार मोजूनच शिकलं होतं, अमेरिकन ब्लूजवाला मडी वॉटर्स, त्याच्या रेकॉर्डी घासून घासून. रोलिंग स्टोन्स हे नावसुद्धा मडीच्या गाण्यावरून. मग माल परत मागायला कुणी आलं तर त्यात ब्लूज नाही कसं?

सांजवात:
आणि 'डोन्ट लेट मी बी मिसअंडरस्टूड'चं काय? 'ब्रिटिश रॉक साँगबुक' म्हणून यादीत घातलंय कारण अ‍ॅनिमल्सने १९६५ मध्ये हिट केलं. पण ते आधी रेकॉर्ड केलं होतं नीना सिमोनने, १९६४ मध्ये! लिहिणारेही अमेरिकन. म्हणजे काळ्या बाईचं गाणं ब्रिटिश पोरांकडे गेलं, त्यांचं म्हणून जगभर ओळखलं गेलं, आणि मग दुसऱ्या काळ्या बाईने ते 'ब्रिटिश' म्हणून परत गायलं. मला तर अल्बमच्या नावातच खवचटपणा दिसतो.

खडूस काका:
हे मात्र चांगलं काढलंत. पण बघा, यात पण किस्साच जिंकतो. नीनाचं रेकॉर्डिंग लावा आणि मग लव्हेटचं लावा. नीना ते गाणं हळू आवाजात, जवळजवळ निर्विकारपणे गाते आणि माणूस गार होतो. लव्हेट तिथेही अभिनय करते. तुम्ही सगळे तिचं चरित्र ऐकताय, रेकॉर्ड नाही.

माझं खरं दुखणं सांगतो. मला ही बाई आवडते. २००५ चा 'आय'व्ह गॉट माय ओन हेल टू रेझ' माझ्याकडे आहे, निर्माता जो हेन्री, दहा गाणी, सगळी बायकांनी लिहिलेली, शिनेड ओकॉनर, डॉली पार्टन, लुसिंडा विल्यम्स, फिओना अ‍ॅपल. तो पण कव्हर अल्बमच की, पण तिथे बँड लहान आणि कोरडा आहे, पहिलं गाणं तर वाद्यांशिवाय, नुसता आवाज. 'जॉय' मध्ये लुसिंडाची गावं काढून स्वतःची गावं घातली, मसल शोल्स, डेट्रॉइट. तिथे वसुली आहे, तीही ऑर्केस्ट्रा न बोलावता. २०१० वाल्यात तिला शोभिवंत करून ठेवलंय.

लिमलेटची गोळी:
अहो काका, म्हणजे तुमच्या आवडीचा पण कव्हर अल्बमच निघाला! मग मागच्या आठवड्यातली पिंक कशाला होती?

खडूस काका:
पिंक पुरुष गायकांबद्दल होती 😎

गिटारवाला बंड्या:
ठ्ठो!! ही पळवाट आहे.

झेपेल तितकं:
काकांच्या २००५ शी सहमत, पण त्याच्या पुढचा २००७ चा 'द सीन ऑफ द क्राइम' कुणी काढलाच नाही? मसल शोल्समध्येच जाऊन केलेला, साथीला ड्राइव्ह-बाय ट्रकर्स. त्यांच्यातला पॅटरसन हूड म्हणजे बेस वाजवणाऱ्या डेव्हिड हूडचा मुलगा, आणि बाप स्वतः पण वाजवतो त्यात. नावातच 'गुन्ह्याची जागा'. वसुलीच शोधायची तर तिथे शोधा. २०१० वाला मला पाहुण्यांसमोर लावायला बरा वाटतो.

डेट्रॉइटकर:
पाहुण्यांसमोर 'सॉल्ट ऑफ द अर्थ' लावून बघा एकदा. स्टोन्सच्या जॅगरने ते कष्टकऱ्यांबद्दल लिहिलं, १९६८ मध्ये, लांबून बघत, हे लोक मला खरे वाटत नाहीत असं स्वतःच म्हणत. लव्हेट ते आतून गाते, डेट्रॉइटच्या बारमध्ये रात्री पन्नास डॉलरवर गायलेली बाई. मागे गॉस्पेलचा कोरस उसळतो तेव्हा ऑर्केस्ट्रा वगैरे कुणाच्या लक्षात राहत नाही. माझं मत, अल्बम मधे थोडा सैल आहे, सलग ऐकू नये, तीनतीन गाणी ऐकावीत.

मिरचीभजी:
आत्ता 'सॉल्ट ऑफ द अर्थ' आणि 'इट डोन्ट कम ईझी' ऐकली. दुसरं आवडलं, तिथे ब्लूज आहे, शब्द मागे घेते. पहिलं नाही झेपलं. व्हायोलिनं अजूनही नकोत.

लिमलेटची गोळी:
चला, एक गाणं तरी पटलं. २०१८ चा डिलनवाला 'थिंग्ज हॅव चेंज्ड' कुणी ऐकलाय का? स्टीव्ह जॉर्डन निर्माता, १२ गाणी सगळी डिलनची, ऑर्केस्ट्राची कटकट नाही. काका, हा तुम्हाला चालेल. वेगळा धागा काढू का?

खडूस काका:
काढा. डिलनच्या चाली बदलल्या तर माझी हरकत नाही, तो स्वतःच दर मैफलीत बदलतो.