साथीच्या काळात मंडळी जोडलेली कशी राहावी? नियम लिहिताना अडलेला प्रश्न

प्रश्न : फोंड्याचा चिटणीस

सर्वांना येशू नामे सलाम. आमची मराठी भाषक प्रॉटेस्टंट मंडळी, म्हणजे चर्चचा सभासदसमूह, गोव्यातील फोंडा तालुक्यात आहे. साधारण चाळीस घरे आहेत. त्यांतली बरीचशी कोल्हापूर, मिरज आणि सिंधुदुर्गातून नोकरीधंद्यासाठी आलेली, आणि सात घरे तर आजही महाराष्ट्रातल्या दोडामार्ग व बांद्याकडे राहून रविवारी हद्द ओलांडून भक्तीला येणारी. पुन्हा एखादी साथ आली आणि उपासनामंदिराचे दार बंद करावे लागले, तर मंडळीने काय करावे, याचे टिपण पंच कमिटीला वार्षिक सभेपुढे ठेवायचे आहे. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी दुसऱ्याच परिच्छेदावर अडलो आहे.

कोविडच्या साथीतली पार्श्वभूमी सांगतो. 22 मार्च 2020 चा रविवार जनता कर्फ्यूचा होता, आणि त्या दिवशी आमचे दार पहिल्यांदा बंद राहिले. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली, गोव्यात तर सुरुवातीचे काही दिवस किराण्याची दुकानेही उघडत नव्हती. पाळकसाहेबांनी घराच्या व्हरांड्यातून मोबाईलवर उपासना दाखवायला सुरुवात केली. मंदिरात एरवी शंभर माणसे जमत, पण पडद्यावरचा आकडा दीडशेच्या पुढे जाऊ लागला आणि आम्ही सारे सुखावलो. जूनमध्ये कळले की आमच्या सर्वांत जुन्या सभासद असलेल्या एका विधवा आजींना अकरा आठवड्यांत मंडळीतून एकही फोन गेला नव्हता. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. त्या पाहत असतील, असे प्रत्येकाने गृहीत धरले होते. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त 'मंडळी अजून भरते का?' एवढेच विचारले. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरी अडचण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीची. 12 एप्रिल 2020 च्या पुनरुत्थान दिनी पाळकांनी प्रत्येक घराला भाकरी आणि पेला पुढ्यात घेऊन बसण्यास सांगितले. द्राक्षरस कुणालाच मिळेना, म्हणून तीन घरांनी कोकमाचे सरबत घेतले, आणि ते चालते की नाही यावर कमिटीच्या दोन बैठका खर्ची पडल्या. वाद आजही मिटलेला नाही. मंडळीच्या काही वडिलांच्या (निवडलेल्या ज्येष्ठ कारभाऱ्यांच्या) मते पडद्यावरून प्रभुभोजन होऊच शकत नाही, तर काहींच्या मते घर हेच पहिले मंदिर. आपापल्या मंडळीत काय केले, आणि आज मागे वळून पाहताना त्यातले काय टिकले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : मडगावचा शिक्षक, मूळ वसईचा

मी कॅथलिक आहे, त्यामुळे प्रभुभोजनाविषयी आमची शिकवण तुमच्याहून वेगळी आहे, हे आधीच सांगतो. मिस्सा (आमची मुख्य उपासना) पडद्यावर पाहता येते, पण ख्रिस्तप्रसाद (तिच्यात मिळणारी पवित्र भाकर) पडद्यातून मिळत नाही. म्हणून त्या काळात आम्हांला आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची प्रार्थना म्हणण्यास सांगितले गेले. संत अल्फोन्सस लिगोरी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रार्थना अठराव्या शतकापासून प्रचारात आहे, आणि तिचा आशय इतकाच की मला आत्ता तुझा प्रसाद घेता येत नाही, तरी तू माझ्या अंतःकरणात ये. हिच्यात मला एक प्रामाणिकपणा दिसतो. जे मिळत नाही ते मिळाल्याचा भास ती करून देत नाही, उलट उणीव उघडपणे बोलून दाखवते. तुमच्या टिपणात दोन्ही पक्षांना चालेल असा मार्ग शोधायचा असेल, तर अशी 'उणिवेची प्रार्थना' तुमच्या परंपरेतल्या शब्दांत लिहून ठेवण्याचा विचार करावा.

तुमच्या आजींच्या बाबतीत मात्र अडचण शिकवणीची नव्हती, रचनेची होती. इथल्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या कार्यक्षेत्रांत) वाड्यावाड्यांचे छोटे ख्रिस्ती समूह आधीपासून आहेत. एरवी त्यांच्या सभांना पाचसहा बायका आणि एखादा पेन्शनर एवढेच येतात, आणि खरे सांगायचे तर मीही टाळत असे. पण टाळेबंदीत आमच्या वाड्यावर कोण एकटे आहे, कोणाची औषधे संपली, कोणाचा मुलगा आखातात किंवा जहाजावर अडकला आहे, हे नेमके त्याच पाचसहा जणींना ठाऊक होते. संध्याकाळी घंटा झाली की जो तो आपल्या बल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणत असे आणि शेजारच्या घरातून प्रत्युत्तर येत असे. कुणी तसे ठरवले नव्हते, घरे जवळ होती म्हणून ते घडले.

1576 साली मिलानमध्ये प्लेग आला, तेव्हा तिथले आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारून मिस्सा केली, म्हणजे घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून पाहता यावी. याच्या उलट चित्र 27 मार्च 2020 चे आहे. पोप फ्रान्सिस पावसात सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात उभे होते, आणि 1522 च्या प्लेगात रोमच्या रस्त्यांतून मिरवलेला क्रूस तिथे ठेवला होता. ते दृश्य पाहून मीही रडलो. तरीही 1522 मध्ये क्रूस लोकांच्या दारापर्यंत गेला आणि 2020 मध्ये लोकांनी तो लांबून पाहिला, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. तुमच्या टिपणात 'प्रक्षेपण' या शब्दाआधी 'दार' हा शब्द यावा.

उत्तर 2 : निवृत्त परिचारिका, म्हापसा

वरील बंधूंनी दाराविषयी लिहिले ते खरे आहे, पण मी रुग्णालयात अख्खी हयात घालवली असल्यामुळे मला दारातून आत काय येते याचीही काळजी वाटते. भावनेच्या भरात 'पाळकांनी घरोघरी जावे' असे लिहून मोकळे होऊ नका. सगळ्या घरांत फिरणारा एकच माणूस हाच साथीच्या दृष्टीने सर्वांत वाईट दूत असतो. चार घरांमागे एक निरोगी, तरुण व्यक्ती नेमावी, तिने फक्त त्याच चार घरांत जावे आणि अंगणात उभे राहून बोलावे.

दुसरे गाण्याविषयी. आपल्या मंडळ्यांना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीते सोडून भक्ती झाल्यासारखे वाटत नाही, मलाही नाही. पण 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट येथे एका गायकवृंदाचा सुमारे अडीच तासांचा सराव झाला. हजर असलेल्या 61 जणांपैकी 53 आजारी पडले, त्यांपैकी 33 जणांचे निदान चाचणीने सिद्ध झाले आणि दोघे दगावले. बंद खोलीत मोठ्याने गाताना श्वासाबरोबर सूक्ष्म कण हवेत राहतात, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. 8 जून 2020 पासून प्रार्थनास्थळे उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हा केंद्राच्या सूचनांतही सामूहिक गायनाऐवजी ध्वनिमुद्रित गीते लावावीत असे होते. म्हणून श्वसनाच्या साथीत एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी मनात म्हणावे, सर्वांचा एकच पेला बंद, खिडक्या उघड्या, हे आताच ठरवा. ऐन वेळी हा निर्णय पाळकांवर टाकला तर त्यांना दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागतात.

भिऊन पळणे आणि उगाच धाडस करणे यांच्यामधली वाट काही नवी नाही. 1527 मध्ये विटेनबर्गला प्लेग आला असताना मार्टिन ल्यूथर यांनी योहान हेस यांना लिहिलेल्या पत्रात सांगितले की मी औषध घेईन, घरात धुरी देईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, परंतु शेजाऱ्याला माझी गरज असेल तर जाण्याचे टाळणार नाही. आमच्या महिला संघाने मे 2021 मध्ये साधारण याच हिशेबाने काम केले. त्या दिवसांत गोव्यात चाचणी केलेल्या दोघांपैकी जवळजवळ एक बाधित निघत होता. आम्ही कुणाच्या खोलीत गेलो नाही. डबा पायरीवर ठेवायचा, दहा पावले मागे यायचे आणि आतले माणूस बाहेर येईपर्यंत थांबायचे. त्या थांबण्याला फार महत्त्व होते. डबा ठेवून निघून गेले की ते नुसते जेवण पोहोचवणे होते.

आणखी एक गोष्ट बहुतेक मंडळ्या विसरतात. अंत्यविधीला वीसच माणसांची मर्यादा होती, आणि बाधितांच्या बाबतीत तर कित्येकदा तेवढीही नसत. शोकसभा झाल्या नाहीत, घरच्यांना चेहरा पाहता आला नाही. दार उघडल्यावर आपण सगळे इतके आनंदलो की थेट आभारप्रदर्शनाची उपासना केली, आणि ज्या घरांतून माणूस गेला होता ती घरे मागच्या बाकावर गप्प बसून राहिली. आमच्याकडची दोन घरे त्यानंतर आलीच नाहीत. दार उघडल्यानंतरची पहिली उपासना ही त्या काळात पुरलेल्यांची नावे वाचण्याची असेल, असे टिपणात स्पष्ट लिहा.

उत्तर 3 : वास्कोतील एक वडील

मी प्रभुभोजनाच्या मुद्द्यावर मडगावच्या बंधूंशी असहमत आहे. जून 2020 च्या सुरुवातीला मांगोर हिल प्रतिबंधित क्षेत्र झाले, तेव्हा आमची काही कुटुंबे आत अडकली. त्यांना कित्येक आठवडे 'उणीव' सांगत बसणे मला मान्य नव्हते. प्रेषितांची कृत्ये 2:46 मध्ये विश्वासणारे घरोघरी भाकर मोडत होते. आम्ही फोनवर शास्त्रपाठ वाचला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी भाकर मोडली. योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या वचनात लेखक म्हणतो की कागद व शाईने लिहिण्यापेक्षा समक्ष येऊन बोलावे अशी इच्छा आहे, पण हेही तो पत्रातच लिहितो ना? समक्ष भेट उत्तम, म्हणून पत्र निरर्थक ठरत नाही.

मात्र एक अट आम्ही घातली होती, आणि ती तुम्हीही घालावी : एकट्या राहणाऱ्या माणसाला पडद्यासमोर एकट्याने भाकर मोडायला लावायची नाही, फोनवर का होईना, दुसरा आवाज असलाच पाहिजे. कोकमाच्या सरबतावर दोन बैठका घेतल्यात याचे मला नवल वाटत नाही, आम्ही तीन घेतल्या होत्या. पैशांचे म्हणाल तर दानार्पणासाठी क्यूआर कोड लावा, म्हाताऱ्यांची पाकिटे साठवून ठेवा. त्यात चर्चा करण्यासारखे काही नाही.

उत्तर 4 : मराठीची प्राध्यापिका, पणजी

मी ख्रिस्ती नाही. घर एकत्र बसून वाचते तेव्हा काय टिकते, याचे एक उदाहरण मात्र याच भूमीतले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण प्रथम 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले, पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांनी हातांनी उतरवून जपलेल्या पोथ्यांवरून 1907 ची आवृत्ती सिद्ध करता आली.

हे सांगण्याचे कारण असे की तुमच्या आजींच्या घरी पडदा पोहोचला नाही, पण छापील वा हस्तलिखित चार पाने पोहोचली असती. पावसाळ्यात वीज जाते आणि सत्तरी, धारबांदोड्याकडे नेटवर्कचा भरवसा नसतो. आठवड्याचा शास्त्रपाठ, एक गीत आणि आजारी असलेल्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद प्रत्येक घरी जावा, आणि सर्वांनी तो ठरलेल्या एकाच वेळी मोठ्याने वाचावा. एकाच वेळी वाचण्याचा आग्रह धरा. ध्वनिमुद्रण कधीही ऐकता येते, म्हणूनच ते उद्यावर ढकलले जाते.

फोंड्याचा चिटणीस (पुन्हा)

आपणां सर्वांचा अत्यंत आभारी आहे. काल रात्री बसून दुसरा परिच्छेद नव्याने लिहिला. त्यात आता प्रक्षेपणाचा उल्लेख शेवटी येतो. आधी चाळीस घरांचे दहा गट, प्रत्येक गटाला एक नेमलेली व्यक्ती, आणि ती व्यक्ती आजारी पडली तर तिच्या जागी कोण, हे नावानिशी. ही यादी साथ येण्याची वाट न पाहता येत्या महिन्यापासूनच लागू करावी, असे सुचवले आहे, कारण मडगावच्या बंधूंच्या पाचसहा जणी टाळेबंदीच्या दिवशी नेमलेल्या नव्हत्या. प्रभुभोजनाच्या बाबतीत दोन्ही मार्ग लिहून निवड पाळक व वडिलांवर सोडली आहे, वास्कोच्या वडिलांची अट मात्र दोन्ही मार्गांना लावली आहे. नावे वाचण्याची उपासना मी कमिटीत बोलून दाखवली, तेव्हा एक सभासद उठून बाहेर गेले आणि पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाले, 'माझ्या भावाचे नाव पहिले घ्या.'

एक गाठ उरली आहे. हद्दीपलीकडची सात घरे मी एकाच गटात घातली होती. पण पत्रादेवी आणि दोडामार्गची नाकी पुन्हा बंद झाली तर फोंड्याहून नेमलेली व्यक्ती तिकडे पोहोचणार नाही, आणि बांदा व दोडामार्ग ही एकमेकांपासूनही जवळ नाहीत. त्या सातांपैकीच दोघांना नेमावे की सावंतवाडीकडच्या एखाद्या मंडळीशी आताच बोलून ठेवावे? तिकडचे कुणी हे वाचत असल्यास कळवावे.