नववा आठवडा, दवाखान्यात बीपी १४८/९४, घरी १२६/८०. खरं कुठलं धरायचं?

नमस्कार मंडळी,

वय ३६, पहिलीच खेप, नववा आठवडा चालू आहे. बीपी दिवस जायच्या आधीपासूनचं. आईला आहे, मामाला आहे, त्यामुळे निदान झालं तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नव्हतं. रोज सकाळी टेल्मिसार्टन ४०, बाकी काही त्रास नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर गायनॅक मॅडमनी ती गोळी लगेच बंद केली आणि लॅबेटॅलॉल १०० सकाळ-संध्याकाळ सुरू केली.

तेव्हा औषध कुठलं घ्यावं हा माझा प्रश्न नाही. कृपया गोळ्या सुचवू नका.

अडचण अशी की दवाखान्यात मोजलं की १४८/९४, १५०/९६ असं काहीतरी येतं. घरी सकाळी १२६/८० किंवा त्याच्या आसपास. संध्याकाळी थोडं चढतं, १३६/८८ वगैरे, पण १४०च्या आत असतं म्हणून मी ते फार मनावर घेत नाही. फिजिशियन म्हणतात घरचं धरा, दवाखान्यात सगळ्यांचंच वाढतं. मॅडम म्हणतात मला समोर दिसतंय ते मी कसं सोडू? दोघेही चांगले डॉक्टर आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत आणि निरोप्याचं काम माझ्याकडे.

दुसरं घरातलं. सासूबाईंचं म्हणणं, पहिले तीन महिने साधी क्रोसिनसुद्धा पोटात जाऊ नये. त्यांच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, त्यांच्याकडून सर्पगंधा आणू म्हणतात. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा तर रोज करून देतात. काळजीपोटीच चाललंय हे कळतं, पण रोज गोळी घेताना कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटत राहतं. नवऱ्याचं मत विचारलं तर ‘तुम्हा दोघींचंही बरोबर आहे’.

त्यात मॅडमनी बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिन सुरू करायचं सांगितलंय. रक्त पातळ करायची गोळी, तीही गरोदरपणात? हे अजून घरी सांगितलेलंच नाही.

शेवटचं म्हणजे, नाव कुठे घालायचं? सांगलीत घराजवळचं मॅटर्निटी होम छान आहे, पण तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नाही. मिरज काही लांब नाही. यातून गेलेल्यांनी लिहा. आणि हो, लोणच्याची फोड पूर्ण बंद करायची का तेही सांगा, सध्या दुसरं काही तोंडाला लागत नाही.

प्रतिसाद १

अभिनंदन आधी! माझ्या दोन्ही बाळंतपणांत बीपी होतं, दोन्ही मुलं आता घर डोक्यावर घेतात.

मशीन दंडाला पट्टा लावायचं आहे ना? मनगटावरच्या मशीनवर विसंबू नका. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो. लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी-घडी नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबायचं. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला तेवढा नाही.

पुढच्या भेटीला मशीन सोबत न्या आणि मॅडमच्या यंत्राशेजारी त्याच हातावर मोजून घ्या. माझ्या डॉक्टरांचा घरच्या वहीवर विश्वास त्यानंतरच बसला. मात्र दिवसभर मोजत बसू नका. आकडा बघून घाबरायचं आणि घाबरून आकडा वाढवायचा, हा खेळ मी भरपूर खेळले आहे.

चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी आपोआप थोडं उतरतं. तेव्हा घरचे म्हणतील, बघ, गोळीची गरजच नव्हती. मनाने बंद करू नका, शेवटच्या तीन महिन्यांत ते परत चढतं.

प्रतिसाद २

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, पण तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट खटकली. घरच्या मोजणीला सीमारेषा १४०/९० नसते, १३५/८५ धरतात. म्हणजे तुमचं संध्याकाळचं १३६/८८ हे ‘आत’ नाही, बाहेर आहे. ते संध्याकाळच्या गोळीच्या आधीचं आहे का? लॅबेटॅलॉलचा असर काही तासांचाच असतो, म्हणून पुष्कळ जणींना ती दिवसातून तीनदा द्यावी लागते. हे सकाळ-संध्याकाळचे आकडे वेळेसकट मॅडमना दाखवा. मग दवाखान्यातलं खरं की घरचं, हा वाद बराचसा मिटेल.

विसाव्या आठवड्याच्या आधी दिसणारं बीपी हे बहुधा आधीचंच असतं, गरोदरपणाने आलेलं नसतं. असं सौम्य बीपी असेल तर औषध द्यावं की नाही यावर डॉक्टरांतही पूर्वी दुमत होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ‘चॅप’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात १४०/९०च्या खाली ठेवलेल्या स्त्रियांमध्ये तीव्र प्रीएक्लाम्प्सिया (गरोदरपणाच्या उत्तरार्धात बीपी वाढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांनाही त्रास होतो तो आजार) आणि फार लवकर करावी लागणारी प्रसूती कमी झाली, आणि बाळं त्यामुळे वजनाने कमी भरली नाहीत. सासूबाईंना हे सांगायला हरकत नाही. औषध न घेणं म्हणजे बाळाला औषधापासून वाचवणं नव्हे, वाढलेलं बीपी वारेपर्यंत पोचतंच.

टेल्मिसार्टनची मुख्य भीती चौथ्या महिन्यापासून पुढे बाळाच्या मूत्रपिंडांना असते. तुमची लवकर बदलली आहे. अठरा ते वीस आठवड्यांची अ‍ॅनॉमली सोनोग्राफी (बाळात काही व्यंग नाही ना हे बघणारी) मात्र चुकवू नका.

अ‍ॅस्पिरिनचा हा डोस अगदी छोटा असतो, ७५ ते १५० मिलिग्रॅम. बीपी असणाऱ्यांना प्रीएक्लाम्प्सियाचा धोका जास्त, तो यामुळे कमी होतो. पण ती बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू झाली तर उपयोग. नंतर सुचली तर तेवढा नाही. दमा, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर आधी सांगा. दमा असेल तर लॅबेटॅलॉलबद्दलही बोलावं लागेल.

क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, प्लेटलेट आणि लघवीतलं प्रोटीन आत्ताच करून ठेवा. सातव्या महिन्यात काही बिघडलं तर आधी किती होतं हे माहीत हवं. १६०/११० दिसलं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच, तर वही मिटून थेट दवाखाना. पुढच्या महिन्यांत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज असेल तर बीपी कितीही असो, जायचंच.

नाव मिरजेत घाला. गरज पडली नाही तर उत्तमच.

प्रतिसाद ३

ज्येष्ठमध आजच बंद! त्याने बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. बीपी नसलेल्यांनासुद्धा रोजचा काढा चालत नाही. सर्पगंधेतून रेसर्पिन मिळतं, ते खरोखरीचं बीपीचं औषध आहे, पण गरोदरपणात अजिबात नको. सर्दीच्या गोळ्याही नाक मोकळं करणाऱ्या नकोत. लोणच्याची फोड खा हो, बरणी नको. बीपी आहे म्हणून खारट बेतानं, पण अळणी जेवून प्रीएक्लाम्प्सिया टळत नाही. कॅल्शियम मात्र नीट घ्या, आणि लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. संध्याकाळचं रिडींग गोळीच्या आधीचंच निघालं. दमा नाही. मॅडमनी वही बघितली, मशीन जुळवलं, तीन-चारचाच फरक आहे. आता गोळी दिवसातून तीनदा, आणि त्यांनी माझ्यासमोरच फिजिशियनना फोन लावला. काढ्याचं घरी मी काही बोलले नाही, मॅडमनीच सासूबाईंना आत बोलावून सांगितलं. अ‍ॅस्पिरिनचंही तिथेच सांगून टाकलं.

एक विचारायचं राहिलं. डोस वाढल्यापासून डोक्याच्या कातडीला मुंग्या आल्यासारखं होतं. कुणाला झालंय?

प्रतिसाद १

मलाही व्हायचं, केसांत कुणी बोटं फिरवतंय तसं. लॅबेटॅलॉलने होतं ते, माझं काही दिवसांत गेलं. तरी मॅडमच्या कानावर घाला.